घोड्याचे मागचे पाय

“मागचे पाय?... सर, मागचे?”

लायनेलचा आवाज फाटला. टॅपलीबुवा आरशासमोर बसून मोजा शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बुवा म्हणायचं कारण एवढंच, की गुरू म्हटला की आमच्या तोंडी बुवाच येतो. एरवी एम्ब्रोज टॅपली हे अस्सल इंग्रज नट. रंगभूमीवर ते राजे झाले, भिकारी झाले, एकदा तर राजाची आईसुद्धा झाले. सिनेमात दुष्ट सरदार होऊन कड्यावरून पडले, भला पाद्री होऊन लोकांना रडवून गेले. टीव्हीवरच्या अस्वलाचा आवाजही त्यांचाच. आणि एवढं सगळं करून रस्त्यात लोक त्यांना थांबवून विचारत, “आपण दातांचे डॉक्टर ना?”

त्यांचा चेला लायनेल याचं नेमकं उलट. तो राजा होवो की पहारेकरी, पडदा वर गेला की शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळायचं, लायनेल आला. यात काही बिघडलंय असं त्याला कधी वाटलं नाही.

नाताळात तिकडे पोरांसाठी धमाल नाटक करतात आणि त्यात घोडा लागतोच. घोड्याच्या कातड्यात दोन नट शिरतात. पुढचा तोंड आणि पुढचे पाय सांभाळतो. मागचा ओणवा होऊन पुढच्याची कंबर धरतो आणि मागचे पाय होतो. त्याला नाटकभर काही दिसत नाही. समुद्रकाठच्या त्या छोट्या गावात यंदा पुढचे पाय टॅपलीबुवांकडे आले होते. मागचे लायनेलकडे.

“आज बाबा येताहेत, सर,” लायनेल म्हणाला. “त्यांचं छत्र्यांचं दुकान आहे. म्हणाले, एकदा बघतो तुझं काम. दम दिसला तर राहा, नाहीतर सोमवारपासून दुकानात ये. घोड्याचं मी त्यांना बोललो नाही.”

“मग दाखव त्यांना.”

“कुठून दाखवू? शेपटीखालून?”

बुवांनी दोरा दाताने तोडला.

“तू पुढे ये. मी मागे जातो.”

खरं तर लायनेलने नको म्हणायला हवं होतं. म्हातारा माणूस, पाठ धरलेली. पण तो नको म्हणाला नाही. आणि उगाच शहाणपणा कशाला, त्याच्या जागी आपणही म्हटलं नसतं.

नाटक सुरू झालं. लायनेलने घोडा जीव ओतून केला. घोड्याचं पोरकं बालपण, धन्याने केलेला विश्वासघात, तबेल्यातला एकांत, सगळं त्याने एका मानेत आणलं. आभाळाकडे तोंड करून तो असा खिंकाळला, की कुणाचंही काळीज हललं असतं.

पोरं खोकली. एकाने चॉकलेटचा कागद उलगडला.

आणि अचानक हशा पिकला. लायनेल गोंधळला. त्याने आणखी दुःख ओतलं. हशा आणखी वाढला.

मागे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. पुढचे पाय दुःखाने थरथरत होते आणि मागचे पाय एकमेकांवर अढी घालून निवांत उभे होते, बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसासारखे. मग एका पायाने दुसऱ्याची पोटरी खाजवली. मग मागचा अर्धा घोडा कंटाळून खाली बसला.

कातड्याच्या आत कुजबुज झाली.

“सर! काय करताय?”

“बसलोय.”

“लोक हसताहेत!”

“हो. चांगली माणसं आहेत.”

“अहो, पण मी दुःखी घोडा करतोय!”

“असं होय... मागे काही पोचलं नाही.”

घोड्याच्या तोंडातल्या फटीतून लायनेलला तिसऱ्या रांगेत बसलेले बाबा दिसत होते. दुकान दिसत होतं. टांगलेल्या काळ्या छत्र्या दिसत होत्या.

“सर... मी काय करू?”

“माझे हात कुठे आहेत?”

“माझ्या कमरेवर.”

“मग मला काय विचारतोस?”

घोडा नुसता उभा राहिला. अर्धा उभा, अर्धा बसलेला...

तेवढ्यात कमरेवरच्या हातांची थरथर लायनेलला जाणवली. म्हाताऱ्याला उठता येत नव्हतं. लायनेल दुःख विसरला, बालपण विसरला आणि हळूच पुढे सरकला. हात ताठ झाले. घोडा उठला.

मग हातांनी डावीकडे ओढलं, लायनेल डावीकडे गेला. हात थबकले, तो थबकला. त्याने मान वळवून स्वतःच्याच ढुंगणाकडे संशयाने पाहिलं. मागून लाथ उडाली. पुढचा भाग दचकून पळाला आणि मागचा त्याच्यामागे लटपटत धावला. पोरांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पोरांचे आईबापही कमी नव्हते.

खेळ संपला. घोड्याने रंगमंचाच्या कडेशी यायचं, पुढच्या नटाने घोड्याचं डोकं उतरवायचं आणि लवून टाळ्या घ्यायच्या, अशी तिथली रीत. घोडा पुढे आला. लायनेलने आतून डोक्याला हात घातला. उभ्या आयुष्यात त्याला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

तेव्हा त्याला फटीतून बाबा दिसले. अगदी समोर, पोरांच्या घोळक्यात. टोपी वाकडी झालेली, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. कुठल्याशा पोराच्या हातातलं गाजर त्यांनी काढून घेतलं होतं आणि टाचा उंचावून ते घोड्यापुढे धरलं होतं.

“ये रे माझ्या राजा, ये,” ते म्हणत होते. “घे. लाजू नकोस.”

छत्रीवाल्याने लायनेलला जन्मात कधी अशी हाक मारली नव्हती.

“सर... बाबा आहेत. इथे, समोर. मी डोकं काढतो. त्यांना कळू दे, मीच आहे म्हणून.”

मागून नुसती धाप ऐकू येत होती...

“सर? काढू ना?”

“आधी गाजर खा.”