घोंगडीची तिसरी खळ

हं, आता सगळे आडवे व्हा आणि ऐका. या गोष्टीत राजा नाही नि राणी नाही. हिच्यात आहे एक धनगरीण. हौसा तिचं नाव. माळावर तिचं खोपट होतं, मेंढरं होती आणि ठकू नावाची एकुलती एक लेक होती. नवरा वारलेला. हौसाचा सगळा जीव त्या लेकीत. लेक जरा शिंकली की ही हातातलं काम टाकून धावायची!

आणि बरं का, त्या खोपटात एक घोंगडी होती. काळी, साधीच. पण जादूची. हौसाच्या सासूनं मरताना दिलेली. ती पांघरली की थंडी म्हणून वाजायची नाही. बाहेर दव गोठून गवत पांढरं होवो, आत आपली ऊब. ठकू जन्मल्यापासून त्याच घोंगडीत निजायची. थंडी कशाला म्हणतात तेच त्या पोरीला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यावर भागत होतं की! पण एकदा काय झालं, खोपटात साप निघाला. थेट ठकूच्या उशापाशी. आला तसा सरसर निघून गेला, कुणाला काही केलं नाही. पण हौसा रात्रभर दिवा लावून लेकीजवळ बसून राहिली. मग तिनं घोंगडी काखेत मारली आणि डोंगराखाली बायजाक्काकडे गेली.

बायजाक्का म्हणजे घोंगड्या विणणारी म्हातारी. नवी जादू तिला येत नव्हती, खोटं कशाला सांगू. पण असलेली जादू ती चढवून द्यायची. कशानं? खळीनं. घोंगडी ताठ राहावी, पाणी आत झिरपू नये म्हणून तिला चिंचोक्याची खळ देतात ना, तीच. पण बायजाक्काकडे रीत अशी, की खळ ज्याची त्यानं करायची. चिंचोके आपणच भाजायचे, आपणच वाटायचे. आणि खळ रटरट शिजायला लागली, की तिच्यावर वाकून मोठ्यानं सांगायचं, आपल्याला कशाची भीती वाटते ते. मग ते घोंगडीच्या आत यायचं नाही.

हौसा खळीवर वाकली आणि म्हणाली, “साप.”

बायजाक्कानं घोंगडीला खळीचा एक हात दिला, उन्हात वाळवली. झालं. त्या दिवसापासून साप घोंगडीला वळसा घालून जायला लागले.

मग पुढच्या साली शेजारच्या वाडीत साथ आली. घरटी माणूस आजारी. हौसा पुन्हा गेली. चिंचोके वाटले, खळीवर वाकली आणि म्हणाली, “आजार.” खळीचा दुसरा हात चढला. ठकूला साधी शिंकसुद्धा आली नाही.

आता तरी गप बसावं की नाही बाईनं? पण काळजी कधी पोट भरलं म्हणते का! एके दिवशी ठकू दुपारची निजली होती. हौसानं पाहिलं, तर लेकीची छाती हलताना दिसेना. धावली, नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तरी ही घोंगडी घेऊन निघालीच.

बायजाक्का म्हणाली, “पोरी, दोन हात बास झाले. तिसऱ्यानं घोंगडी मुकी होते, मग ती कुणालाच आत घेत नाही.”

“होऊ दे मुकी. माझी लेक राहू दे.”

आणि हौसा खळीवर वाकून म्हणाली, “मरण.”

चूप, मध्ये बोलू नका. ऐका पुढं.

ठकू त्या घोंगडीत निजली आणि सकाळी उठलीच नाही. गाल गुलाबी, श्वास नीट, ओठांवर हसू. पण हाक ऐकू जाईना. हौसानं गालावर हात ठेवू पाहिला, तर हात बोटभर अलीकडेच थांबला. घोंगडी ओढली, ती धान्याच्या लिंपलेल्या कणगीसारखी टणक. मेंढ्या व्यायल्या, कोकरं उड्या मारायला लागली, ठकू निजलेलीच. मरण आत जात नव्हतं हो. पण आईसुद्धा आत जात नव्हती.

मग हौसानं बायजाक्काचे पाय धरले. “अक्का, काय करू?”

“चढवलंस तसं उतरव. ऊन पाणी ओत, चोळ आणि ज्याला ज्याला अडवलंस त्याला म्हण, वाट मोकळी आहे.”

“आणि सासूबाईंची ऊब? ती तरी राहील?”

“पाण्याला काय कळतंय बाई, जुनी जादू कुठली नि नवी कुठली! सगळंच उतरेल.”

हौसानं पाणी तापवलं. सोपं ते आधी करू म्हणाली. पाणी ओतलं, चोळलं. “सापा, वाट मोकळी आहे.” घोंगडी हलेना. “आजारा, वाट मोकळी आहे.” तरी ढिम्म. आणि मग तिला कळलं. वरची खळ आधी उतरायला हवी.

ती रडली. खूप रडली. आपल्याच तोंडानं, आपल्याच लेकीसाठी कसं म्हणायचं ते? दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग घोंगडीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, “मरणा, वाट मोकळी आहे. पण मी हिच्याजवळ बसलेय, एवढं बघ.”

पांढरं, चिकट पाणी वाहायला लागलं. मग तिनं आजाराला वाट दिली. सापाला वाट दिली. घोंगडी ओली, मऊ झाली. सासूची ऊबही त्याच पाण्याबरोबर गेली.

ठकूनं डोळे उघडले. दात वाजत होते तिचे. घाबरून म्हणाली, “आई, हे काय होतंय मला? अंगावर काटा का आलाय?”

“थंडी गं! थंडी वाजतेय तुला, माझे बाय!” हौसा हसतेय काय, रडतेय काय! तिनं लेकीला ओढून पोटाशी धरलं आणि आपला पदर तिच्याभोवती गुंडाळला.

पुढं ठकूला ताप आले नि गेले. गुडघे फुटले, भरले. ती मोठी झाली, मेंढरं राखायला लागली. मरणही आलं त्या खोपटात, नाही असं नाही. पण कितीतरी वर्षांनी आलं, आणि म्हाताऱ्या हौसासाठी आलं. तेव्हा लेकीचा हात तिच्या गालावर होता, आणि तो नीट गालावर टेकला होता.

झाली गोष्ट. निजा आता. मी बसलेय इथंच.