बुबुळांची मैत्री

एकदा एका वृद्ध कोशकाराने आपल्या शिष्याला 'तारामैत्रक' या शब्दाचा अर्थ लिहावयास सांगितला. शिष्य तरुण, त्यातून प्रेमात पडलेला. असा शब्द हाती आल्यावर लेखणी काय थांबते! त्याने लिहिले, 'तारा म्हणजे बुबुळ, मैत्रक म्हणजे मैत्री. आवडत्या स्त्रीकडे टक लावून पाहणे.'

गुरूंनी शेवटचे वाक्य खोडले. म्हणाले, "गुरवाची अनसूया आपल्याकडे पत्रावळी आणत असे. पंधरा दिवस झाले, गुडघे धरत तिचा म्हातारा बाप येतो. का रे?"

शिष्याचे तोंड एवढेसे झाले. ती यायच्या वेळी तो रोज दारात बसून असे. "गुरुजी, मी तिला एका शब्दानं दुखवलं नाही. नुसतं पाहतो. तिच्यावाचून मला काही सुचत नाही हो."

"उद्या गावात मला लग्न लावायचं आहे. अंतरपाटाचं एक टोक तू धर," गुरू एवढेच बोलले.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टके संपली. शिष्य आपले टोक सोडू लागला, पण दुसरे टोक धरलेल्या गुरूंनी अंतरपाट तसाच ताणून धरला.

"शास्त्रीबुवा, मुहूर्त टळेल!" वरपिता ओरडला.

शिष्याने गडबडीने टोक पुन्हा घट्ट धरले. अंतरपाट धरणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात. इकडे नवरदेव उतावीळ झाला होता. तिकडे वधू भेदरून मान खाली घालून उभी होती आणि तिचे अश्रू हातातल्या हारावर पडत होते. अनसूयाही अशीच खाली पाहत अंगणातून झपझप निघून जाई. ती लाजते, असे या शहाण्याला वाटले होते!

मामाने भाचीच्या पाठीवर हात ठेवला. तिने श्वास घेतला, डोळे पुसले आणि मान वर केली. तेव्हा गुरूंनी अंतरपाट सोडला.

वाटेत ते म्हणाले, "बाळ, मैत्री म्हटली की माणसं दोन आली. एकटाच पाहत राहिला, तर समोरच्याला पळावंसं वाटतं. तुझं प्रेम खोटं नाही. पण तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. पोचली ती भीती."

शिष्याला रडू आले. दुसऱ्या दिवशी त्याने वाटेतच म्हाताऱ्याचा भारा उचलला. "काका, माझं चुकलं. अनसूयेला सांगा, दारात आता कुणी बसणार नाही."

महिना गेला. एका सकाळी माजघरात लिहीत असता त्याला ओळखीची पावले ऐकू आली. त्याने कागदावरची नजर हलवली नाही. पावले परत फिरली, आणि मग उंबऱ्याशी थांबली.

"एवढं काय लिहिता हो?" अनसूयेने विचारले.

तेव्हा कुठे त्याने वर पाहिले.