चिंगी खारीची अट

शाळेशाळेच्या अंगणात चिंचेची झाडं असायची, त्या काळातली ही गोष्ट. अशाच एका चिंचेवर बसून राघू पोपट वर्गातली इंग्रजी विशेषणं ऐकायचा आणि घडाघडा म्हणायचा. कोणी "बिग" म्हटलं की हा "स्मॉल" म्हणून मोकळा!

त्याच झाडावरच्या चिंगी खारीनेही इंग्रजी शिकायचा चंग बांधला होता. पण तिची अट अशी, की अनुभवल्याशिवाय शब्द घ्यायचाच नाही. गूळ चाटला तेव्हा तिला 'स्वीट' आला. चुलीपाशी मिशा होरपळल्या तेव्हा कुठे 'हॉट' आला.

"अशाने म्हातारी होशील," राघू हसायचा.

"होऊ दे," चिंगी म्हणायची.

एकदा शिपाईमामांनी चुलीवरची किटली उतरवून ओट्यावर ठेवली. राघू तिच्याकडे झेपावला. चिंगी जीव तोडून ओरडली, "हॉट! हॉट!"

"कोल्ड!" राघूने सवयीने उत्तर दिलं आणि तो खुशाल किटलीवर बसला.

किंचाळत तो फांदीवर परतला. भाजलेला पाय वर धरून बसला. मग म्हणाला, "चिंगे, एक शब्द आला. आता तो गूळ कुठे आहे, ते दाखव."