बांधून आणलेला वास

रणधवल राजाला सकाळी सकाळी वास आला आणि दुपारपर्यंत राज्यात अंबाडीला बंदी झाली.

वास खराच होता. राजवाड्याच्या तळ्यात, पलीकडच्या काठाशी, शेतकरी कापलेली अंबाडी कुजत घालत. कुजली की तिची साल सुटे, सालीचा वाख निघे आणि वाखाचे दोर वळले जात. कुजण्याच्या दिवसांत तिथून जाणारा नाकाला पदर किंवा उपरणं लावून जाई, पण कुरकुर कुणी करत नसे. राजा मात्र नुकताच शेजारच्या राजाकडे पाहुणचार घेऊन आला होता. तिथल्या तळ्यात त्यानं कमळं पाहिली होती.

"आपल्याही तळ्यात कमळंच हवीत," तो दरबारात म्हणाला. "अंबाडीची एक काडीही मला दिसता कामा नये."

"अगदी योग्य, महाराज," प्रधान म्हणाले. नाकाशी अत्तराचा बोळा धरलेला असल्यामुळे त्यांची संमती जरा गेंगाणी आली. "राज्य चालतं ते महाराजांच्या प्रतापावर. अंबाडीवर थोडंच चालतं?"

दवंडी ऐकून तळ्याकाठची माणसं हादरली. पीक तर कापून पाण्यात पडलेलं. त्यांनी खंडू शेतकऱ्याच्या लेकीला, ठकूला पुढं केलं. वाख सोलण्यात आणि समोरच्याला गप्प करण्यात तिचा हात धरणारं काठावर कुणी नव्हतं.

"महाराज," ठकू दरबारात म्हणाली, "या वासावर तुमचं सगळं राज्य उभं आहे."

राजाला हसू आलं. "वासावर? मग तो वास बांधून आण आणि उद्या माझ्यापुढं ठेव. आणलास तर अंबाडी राहील. नाही आणलास तर तुमची शेतं बुडवून मी तळं मोठं करीन."

दरबार खो खो हसला. सोबत आलेल्या खंडूचा चेहरा पडला. ठकू वाकून नमस्कार करून निघाली.

दुसऱ्या दिवशी ती खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन आली आणि ते राजापुढं ठेवलं.

"हे काय?"

"वास, महाराज. कुजवला, धुतला, वाळवला आणि पीळ घालून पक्का बांधला."

प्रधानांनी वाकून हुंगलं. "याला तर वास येत नाही."

"बांधलाय ना, म्हणून."

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. राजानं तिकडं रागानं पाहिलं.

"ही नुसती दोरी आहे," तो म्हणाला. "आणि दोरीवाचून माझं काही अडत नाही."

"मग तसा हुकूम द्या. राज्यातला सगळा बांधलेला वास आम्ही परत घेऊन जातो. तुमचं काही अडलं नाही, तर शेतांत पाणी मी माझ्या हातानं सोडीन."

"दिला हुकूम," राजा म्हणाला.

पुढच्या दिवशी बाजार होता. पहाटेच तळ्याकाठची माणसं शिपायांना सोबत घेऊन फिरली. विहिरींवरच्या मोटांचे नाडे निघाले आणि राजाच्या स्नानाचं पाणी विहिरीतच राहिलं. तेल्याच्या बैलाचा दोर सुटला. घाणा थांबला, बैल मात्र सवयीनं दोन फेऱ्या मारून मगच उभा राहिला. कापसाचे गठ्ठे आवळायला काही नव्हतं. गुळाच्या गाड्या जुंपता येईनात. परगावचे व्यापारी रिकाम्या हातानं परत निघाले आणि जकात नाक्यावरचा कारकून झोपी गेला. प्रधानही झोपलेलेच होते. शिपायांनी त्यांच्या बाजेची दोरी उसवली तेव्हा ते जमिनीवर जागे झाले.

तेली, विणकर, गाडीवान, व्यापारी सगळे राजवाड्यापुढं जमले.

"थोडी गैरसोय होतेय, एवढंच," राजा म्हणाला. गलका ऐकवेना, तेव्हा तो मागच्या घाटावर गेला आणि एकटाच नावेत जाऊन बसला. वल्ह्यांचं पाणी अंगावर उडतं, म्हणून राजाच्या नावेला वल्ही नसत. काठावरचे सेवक दोर सोडत आणि पुन्हा ओढून घेत.

ठकू तिथंही आली. "महाराज, हा दोरही आमच्याच अंबाडीचा. नेऊ, की अडतंय?"

सेवकांनी राजाकडं पाहिलं. अडतंय असं म्हणणं राजाच्या जिवावर आलं.

"ने," तो म्हणाला.

ठकूनं गाठ सोडली. वाऱ्यानं नाव हळूहळू मधोमध नेली, मग पलीकडं नेली आणि शेवटी जिथं अंबाडी कुजत होती तिथं बरोबर नेऊन ठेवली. भाऱ्यांच्या मधे ती अडकून बसली. राजानं उपरणं नाकाला लावलं, मग तोंडालाही लावलं. डोळ्यांना पाणी आलं. त्याला पोहता येत नव्हतं आणि आलं असतं तरी त्या पाण्यात उतरायची त्याची छाती झाली नसती.

"अरे, कुणी आहे का तिकडं?"

ठकू तळ्याला वळसा घालून काठावर येऊन उभी राहिली होती. हातात तोच दोर होता.

"आहे, महाराज. माझ्याकडं दोन तऱ्हेचे वास आहेत. एक मोकळा, एक बांधलेला. मोकळा तुम्हाला मिळालाच आहे. बांधलेला फेकू का?"

राजानं उपरण्यामागून तिच्याकडं बघितलं. काठावर आता सारा बाजार गोळा झाला होता. आणि मग त्या उपरण्यामागं राजाचे खांदे गदगदायला लागले. तो इतका हसला की नाव डुलायला लागली.

"फेक, बाई, फेक. माझं अडलं."

त्याला ओढून काठावर घेतलं. एव्हाना प्रधान कंबर धरत पोचले होते. "महाराज, अंबाडीचं महत्त्व मी नेहमीच सांगत आलोय," ते म्हणाले. राजानं त्यांना दोर गुंडाळायला बसवलं.

बंदी तिथंच उठली. वाड्याला लागणारा सगळा दोर तळ्याकाठूनच घ्यायचं ठरलं. "तुला काय देऊ?" राजानं ठकूला विचारलं.

"वस्तीपासून लांब, वारा वस्तीकडं येणार नाही अशा अंगाला एक मोठं दगडी टाकं बांधून द्या. अंबाडी तिथं कुजवू. वास आम्हालाही येतोच की, महाराज."

राजा पुन्हा हसला आणि हातातलं सोन्याचं कडं उतरवून त्यानं तिच्या हातावर ठेवलं. टाक्याचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू झालं.