दोन अंगणांतले बी

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे त्यांची शिष्या कापडाची लहानशी पुरचुंडी घेऊन आली. तिच्यात राखेत घोळवलेले वांग्याचे बी होते. तिच्या दिवंगत आईने आयुष्यभर जपलेले ते भरताचे पांढरे वांगे पंचक्रोशीत आता कुणाकडेच उरले नव्हते.

"गुरुजी, हे घरात रुजवून मग परसात लावीन म्हणते."

गुरुजींनी बी तळहातावर घेतले आणि निम्मे उचलून कुंपणापलीकडे हाक मारली, "यमुने, वांग्याचं बी आहे. लाव कुठंतरी."

शेजारीण हसत आली आणि बी पदराला बांधून गेली. शिष्येचा चेहरा उतरला.

"यमुनाकाकूंना दिलंत? अहो, त्यांच्याकडे पुदिनासुद्धा जगत नाही! पाणी घालायचंच विसरतात."

"विसरते खरी," गुरुजी शांतपणे म्हणाले. "उरलेलं तू पेर."

शिष्येने माती चाळली, त्यात शेणखत मिसळले, आणि मातीच्या पसरट परळात बी पेरून तो खिडकीत ठेवला. सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, वरून ओले फडके पांघरले. कोंब वर आले तेव्हा तिचा आनंद गगनात मावेना.

"माती जरा सुकू दे, पोरी," गुरुजींनी सुचवले.

"तहान लागेल ना त्यांना!"

आणि एका सकाळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडली. एकही वाचले नाही. परळ मांडीवर घेऊन ती गुरुजींसमोर बसली. "आईचं एवढंच उरलं होतं हो. मी तर त्यांच्यावरून नजरसुद्धा हलवली नाही."

गुरुजींनी तिला कुंपणाशी नेले. पलीकडे एका फुटक्या घमेल्यात बुटकी, जाड देठांची थोडी रोपे उभी होती.

"काकूंनी असं काय केलं?"

"काही नाही. विसरली. पुष्कळशी रोपं तहानेनं गेली, एवढी तगली. यमुना तुझ्याहून शहाणी नाही, बाळ. तिच्या चुका फक्त वेगळ्या आहेत. तुझ्या हातून माया जास्त होते, तिच्या हातून कमी. यंदा तिची चूक रोपांना सोसवली, पुढच्या खेपेला कदाचित तुझी सोसवेल. आधी कुणाला कळतं? म्हणून जिवापाड जपायचं ते एकाच हाती ठेवू नये."

एवढ्यात यमुनाकाकू बाहेर आल्या. शिष्येच्या हातात परळ अजून होताच; तो पाहून त्या म्हणाल्या, "अगोबाई, सगळी गेली? रडू नको गं. घमेलंच उचल. तुझ्या आईची आहेत ती."

शिष्येने डोळे पुसले. घमेल्यातली निम्मी रोपे तिने हलक्या हाताने मातीसकट काढून परळात घेतली आणि घमेले पुन्हा काकूंच्या पुढ्यात सरकवले.

"ही तुमच्याकडेच राहू द्या, काकू."

"अगं, मी विसरेन हं!"

"खुशाल विसरा," शिष्या म्हणाली.