राजेसाहेबांच्या मिशीसाठी लेन्स

"हा मी आहे की मुंगी?" भोपळगडचे राजे धुरंधरराव कडाडले. हातातला फोटो त्यांनी डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उलटा करूनही पाहिला. "सिंहासन दिसतंय, चवरी दिसतेय, सिंहासनाखाली झोपलेलं मांजरसुद्धा दिसतंय! माझी मिशी कुठाय?"

दरबारी फोटोग्राफर दाजिबा लांब उभा होता. लांब म्हणजे चांगलाच लांब! भोपळगडात राजापासून चाळीस पावलांच्या आत यायची कोणाला मुभाच नव्हती. राजेसाहेबांच्या पणजोबांच्या तोंडावर कोणीतरी शिंकला होता म्हणे, तेव्हापासूनचा हा नियम. आता एवढ्या लांबून मिशी काय दिसणार, कपाळ? पण हे राजाला सांगायचं कोणी?

त्यात शेजारच्या राजाने आपल्या मिशीचा झकास फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, 'तुम्हाला असेल तर तुमचाही पाठवा!' धुरंधररावांना दोन घास गोड लागत नव्हते.

"नवी लेन्स आण! केस न् केस दिसला पाहिजे, आणि नियम मोडायचा नाही!" त्यांनी फर्मावलं.

"आणि... पैसे, सरकार?"

राजेसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. खजिन्याच्या किल्ल्या राणीसाहेबांच्या कमरेला असत. पडद्याआडून एक इवलीशी पुरचुंडी बाहेर आली. लेन्स सोडा, एवढ्यात धड छत्रीही आली नसती!

"आणि नाही जमलं, तर तुझी हत्तीखान्यात बदली! जन्मभर हत्तींचे मागून फोटो काढत बस!"

घरी येऊन दाजिबाने अंथरूणच धरलं. हत्तीचं नुसतं नाव काढलं तरी त्याला ताप भरायचा. त्याची बायको केशर मोठी खट्याळ. तिने त्याचं पांघरूण ओढून काढलं.

"उठा आधी! हत्ती काही घरात शिरला नाही अजून. चला शहरात, लेन्स बघू," ती म्हणाली.

शहरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात शेटने पहिली लेन्स काढली ती तोफेएवढी! "चाळीस काय, चारशे पावलांवरची माशी दिसेल!"

"किंमत?"

शेटने किंमत सांगितली आणि दाजिबाने भिंत धरली. दुसरी लेन्स स्वस्त होती, पण तिच्यातून पाहिलं तर शेटचं तोंड वांग्यासारखं दिसायला लागलं. "राजेसाहेबांना वांगं केलंत तर हत्तीसुद्धा नशिबात नाही," केशर कुजबुजली. तिसरी चिमुकली, वापरलेली, कडेला पोचा आलेली. केशरने ती शेटच्या नाकासमोर धरली.

"अगंबाई! शेट, तुमच्या नाकावर तीळ आहे आणि तिळावर एक केस आहे!"

"ती जवळूनच चालते हो, बाई. हातभर अंतर, पुढे नाही. म्हणून तर पडून आहे," शेट नाक झाकत म्हणाले.

पुरचुंडीत तेवढेच पैसे होते. आता घ्यावी की न घ्यावी? केशर विचार करत दुकानाच्या पायरीवर आली. समोर झाडाखाली एक जाडजूड सावकार न्हाव्यापुढे बसला होता. न्हावी म्हणाला, "मान वर!" सावकाराने मान वर केली. न्हावी म्हणाला, "हलू नका!" सावकाराने श्वाससुद्धा रोखला.

केशर खुदकन हसली. "अहो, राजेसाहेबांची हजामत कितीशा पावलांवरून होते हो?"

"काहीतरीच काय विचारतेस? जवळूनच की!"

"शेट, लेन्स बांधा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाहेब गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून, डोळे मिटून अंगणात बसले होते. दाजिबा काखेत न्हाव्याची धोकटी मारून निघाला. दरबारच्या न्हाव्याला केशरने ताटभर अनारसे खिलवून ती मागून आणली होती. पहारेकऱ्यांना रोज धोकटी बघायची सवय. तोंड बघतो कोण? त्यांनी भाले बाजूला घेतले. दाजिबा थेट राजासमोर! धोकटीतून त्याने हळूच कॅमेरा काढला.

"डोळे उघडा, सरकार. मान वर. हलू नका!"

राजेसाहेबांनी जन्मभराच्या सवयीने मान वर केली आणि गप्प बसले. खट्!

"अरे! हा तर फोटोग्राफर! धरा याला!" राजेसाहेब कापडासकट उठले. "चाळीस पावलांच्या आत आलास? चल हत्तीखान्यात!"

"सरकार, आधी फोटो तर बघा!" फाटकापाशी उभी केशर ओरडली. "मग खुशाल पाठवा."

दुपारी फोटो धुऊन दरबारात आला. काय ती मिशी! केस न् केस मोजून घ्यावा! राजेसाहेबांच्या गालावर खळी पडली, पण हट्ट काही सुटेना.

"फोटो झकास आहे. पण मी लांबून बघणारी लेन्स सांगितली होती!"

"सरकार, चाळीस पावलं ओढून आणणारी लेन्स हत्तीच्या किमतीला मिळते. तीच पावलं चालून जायला फुकट!" केशर म्हणाली.

"आणि माझा नियम?"

"सरकार, रोज सकाळी एक माणूस आपल्या गळ्याशी वस्तरा धरतो, त्याला वाट मोकळी. माझे धनी नुसती काच घेऊन आले, तर पहारेकरी धावले! आपल्याला भीती वाटते ती वस्तऱ्याची की काचेची?"

धुरंधररावांची मिशी आधी डावीकडे हलली, मग उजवीकडे, आणि मग ते पोट धरून असे हसले, असे हसले की सिंहासनाखालचं मांजर पळून गेलं!

"पणजोबांचा नियम रद्द!" डोळे पुसत त्यांनी गळ्यातला कंठा केशरकडे फेकला. "आणि दाजिबा, आजपासून कॅमेरा हातात असला की तू म्हणशील तेव्हा मी मान वर करणार, तू म्हणशील तोवर गप्प बसणार!"

तोच पडदा सळसळला आणि राणीसाहेबांचा आवाज आला, "दाजिबा, तो कॅमेरा आधी इकडे द्या बघू!"