चिडीचूप वर्ग आणि साहेबांची जीप

अजूनही चिंचोका हाती आला, की द्वारकाबाईंना त्या शिकवायच्या ती ओढ्याकाठची शाळा आठवते. दुसरीची पोरं दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधायची, वजाबाकी अडली की एखादी पुरचुंडी सोडायची आणि एकमेकांच्या चुका काढताना शाळा डोक्यावर घ्यायची. बाईंना तो गलका गोड वाटे.

एकदा तपासणीला शिक्षणखात्याचे दिपोटी साहेब निघाले, तर ओढ्यातच त्यांची जीप बंद पडली. बाईंनी पोरं नेऊन ती ढकलून चालू करून दिली. तरी वर्गात चिंचोक्यांचा गोंधळ पाहताच साहेब कडाडले, "ही शाळा आहे की बाजार? शेजारचा वर्ग बघा, कसा चिडीचूप बसलाय. शेरा लिहितो, मग बसा बदलीची वाट बघत."

बाई सावकाश म्हणाल्या, "लिहा साहेब. मघाशी ओढ्यात तुमची जीपही अशीच चिडीचूप होती. ती आवाज करायला लागली, तेव्हाच तुम्ही इथवर पोचलात."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला, शेरेबुक ओढलं आणि लिहिलं, "वर्गात फार आवाज आहे. वर्ग पुढे चालला आहे."